एम्ब्रियो एक ठेवायचा की दोन? निर्णय घरूनच करून निघा

सांगोला, मंगळवेढा, माळशिरस, करमाळा या भागात टेस्ट ट्यूब बेबीचे फ्लेक्स आता नवे राहिलेले नाहीत. पंधरा-वीस वर्षांपूर्वी या उपचाराला पुणे-मुंबई गाठावी लागायची. आता सोलापूर, मिरज-सांगली, बारामती इथपर्यंत गेलं तरी काम होतं. लग्नाला सात-आठ वर्षं झाली, देव झाले, गंडेदोरे झाले, गावठी औषधं झाली, की जोडपं शेवटी या दवाखान्याची पायरी चढतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी मूल होण्यात अडचण येते. म्हणजे हा कुणा एका घराचा दोष नाही.

उपचार जवळ आला, कायदाही आला. तरी या उपचारातला सगळ्यात मोठा निर्णय अजूनही बऱ्याच जोडप्यांकडून शेवटच्या दहा मिनिटांत, घाईघाईत होतो. तो म्हणजे गर्भाशयात एम्ब्रियो किती सोडायचे, लगेच सोडायचे की नंतर, आणि उरलेल्यांचं काय करायचं. या निर्णयावर बाईचा जीव, बाळाची तब्येत आणि घराची पुढची पाच-सात वर्षं अवलंबून असतात.

निर्णय नेमका कुठे येतो?

आयव्हीएफमध्ये बाईला दहा-बारा दिवस इंजेक्शनं देतात. त्यामुळे एका पाळीत एकाऐवजी अनेक अंडी तयार होतात. ती भूल देऊन सुईने बाहेर काढतात. लॅबमध्ये नवऱ्याच्या शुक्राणूंशी त्यांचा संयोग करतात. त्यातून जे भ्रूण तयार होतात, त्यांनाच दवाखान्यात एम्ब्रियो म्हणतात. दहा अंडी निघाली म्हणजे दहा एम्ब्रियो होत नाहीत. काही अंडी कच्ची निघतात, काही फळत नाहीत, काही वाढता वाढता थांबतात. तिसऱ्या दिवशी एम्ब्रियोत सहा-आठ पेशी असतात. पाचव्या दिवसापर्यंत जो टिकतो त्याला ब्लास्टोसिस्ट म्हणतात. पाचव्या दिवसापर्यंत टिकलेला एम्ब्रियो रुजण्याची शक्यता जास्त असते, पण तिथपर्यंत पोचणारे कमी असतात.

मग तो बारीक नळीने गर्भाशयात सोडतात. याला ट्रान्सफर म्हणतात. त्याला भूलही सहसा लागत नाही, काही मिनिटांचं काम असतं. इथेच विचारलं जातं, "एक ठेवायचा की दोन?" बाई कपडे बदलून तयार असते, नवरा बाहेर बिलाच्या खिडकीशी उभा असतो, सासूचा फोन चालू असतो. उत्तर ठरलेलं असतं, "दोन ठेवा डॉक्टर."

दोनचा आग्रह का?

याचं कारण पैसा आहे. खासगी दवाखान्यात एका पूर्ण सायकलला साधारण दीड ते अडीच लाख रुपये लागतात. औषधं, तपासण्या, जाण्या-येण्याचं भाडं आणि बुडालेली मजुरी वेगळी. ही रक्कम शेतकरी घरात कशी उभी राहते ते सगळ्यांना माहीत आहे. उसाचं बिल, डाळिंबाची पट्टी, बायकोचं सोनं तारण, नाहीतर पाहुण्याकडून हातउसने. एवढं करून हातात एकच संधी आहे असं वाटलं, की माणूस कपाशी टोकल्यासारखा विचार करतो. एका जागी दोन बिया टाकल्या की एक तरी उगवेल.

कपाशीच्या रानात हे बरोबर आहे. दोन्ही उगवल्या तर विरळणी करताना एक उपटता येते. गर्भाशयात विरळणी इतकी सोपी नसते. तीन-तीन गर्भ राहिले तर एखादा कमी करण्याची वेळ डॉक्टरांवर येते, पण त्यात बाकीचेही जाण्याचा धोका असतो. दोन राहिले तर बहुतेक ते तसेच पुढे न्यावे लागतात.

दुसरं कारण घरचं. "एकाच खर्चात दोन झाली तर बरंच की, परत दवाखाना नको." जुळं म्हणजे देवाचा आशीर्वाद ही समजूत घट्ट आहे. गावात ज्यांची जुळी नीट वाढली ती सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतात. ज्यांची सातव्या महिन्यात गेली त्यांची चर्चा कुणी करत नाही.

बिलात न दिसणारा खर्च

जुळ्यांपैकी निम्म्याहून जास्त बाळं ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मतात. वजन कमी भरतं. फुप्फुसं पुरती तयार नसतील तर श्वासाला मशीन लागतं. मग काचेच्या पेटीत ठेवण्याची वेळ येते, तीही दोन बाळांना. खासगीत एका बाळाचं दिवसाचं बिल काही हजारांत जातं आणि मुक्काम आठवड्यांत मोजावा लागतो. जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांसाठी विशेष कक्ष आहे, तिथे पैसे लागत नाहीत. पण रात्री दोन वाजता करमाळ्याच्या एखाद्या वाडीतून तिथे पोचायचं कसं, हा प्रश्न उरतोच.

आईलाही जुळ्यांत रक्तदाब वाढणं, साखर वाढणं, बाळंतपणात जास्त रक्त जाणं, सिझर होणं हे धोके वाढतात. रक्ताची कमतरता आपल्याकडच्या बायकांत आधीच मोठी आहे. त्यात दोन गर्भांचा भार.

आयव्हीएफच्या पॅकेजमध्ये यातलं काहीच धरलेलं नसतं. दवाखान्याचं काम टेस्ट पॉझिटिव्ह आली की जवळजवळ संपतं. पुढची कसोटी घरच्यांची असते. त्यामुळे "दोनमध्ये पैसे वाचतात" हा हिशेब अर्धाच मांडलेला असतो.

एक-एक करून ठेवला तर?

याचं उत्तर चांगलं तपासलेलं आहे. स्वीडन, नॉर्वे आणि डेन्मार्कमधल्या दवाखान्यांनी ३६ वर्षांखालच्या ६६१ बायकांवर केलेला अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. या सगळ्यांकडे किमान दोन चांगले एम्ब्रियो होते. निम्म्या बायकांना एकदम दोन सोडले. बाकीच्यांना आधी एक सोडला, आणि तो रुजला नाही तरच गोठवून ठेवलेला दुसरा नंतर सोडला. एकदम दोनवाल्या गटात १०० पैकी सुमारे ४३ बायकांना बाळ झालं. एक-एक करणाऱ्या गटात सुमारे ३९ जणींना. फरक थोडा होता. पण झालेल्या बाळंतपणांत जुळी किती, हे पाहिलं तर दोनवाल्या गटात १०० मागे ३३ आणि एक-एकवाल्या गटात एकापेक्षाही कमी.

थोडक्यात, एक-एक करून ठेवल्याने बाळाची आशा किंचित कमी झाली आणि जुळ्यांचा धोका जवळपास गेला.

आता पैशाचं. दुसऱ्या वेळी गोठवलेला एम्ब्रियो सोडताना पुन्हा इंजेक्शनं आणि अंडी काढणं नसतं. त्यामुळे तो खर्च पूर्ण सायकलच्या मानाने बराच कमी येतो, बहुतेक ठिकाणी तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहून कमी. एकचा निर्णय घेतला म्हणजे खर्च दुप्पट झाला, असं नाही. हा आकडा मात्र पहिल्याच दिवशी विचारून घ्यावा लागतो. पॅकेजमध्ये गोठवणं धरलं आहे का, वर्षाचं भाडं किती, दुसऱ्या ट्रान्सफरचे किती, हे कागदावर लिहून घ्या.

जो पैसा भरतो, त्याच्यावर आकडा ठरतो

बेल्जियममध्ये २००३ साली सरकारने एक करार केल्यासारखं धोरण आणलं. सहा सायकलपर्यंत लॅबचा खर्च सरकार देईल, पण ३६ वर्षांखालच्या बाईला पहिल्या वेळी एकच एम्ब्रियो सोडायचा. स्वीडननेही २००३ मध्येच एक एम्ब्रियो हा नियम केला. हे सरकारांनी दयेपोटी केलं नाही. काचेच्या पेटीचं बिलही सरकारच भरत होतं. जुळी कमी झाली तर तेच पैसे आयव्हीएफला देता येतात, असा साधा हिशेब होता. जोडप्यालाही पुढच्या संधीची खात्री असल्याने एकावर थांबणं जड गेलं नाही.

आपल्याकडे आयव्हीएफचा पैसा जोडप्याचा आणि पेटीचा पैसाही जोडप्याचाच. पुढची संधी मिळेल याची हमी कुणी देत नाही. म्हणून दोन मागणाऱ्या जोडप्याला अडाणी म्हणण्यात अर्थ नाही. त्याच्या जागी कुणीही असतं तरी तसंच वागलं असतं. सरकारी केंद्रं अगदी मोजकी आहेत. गोवा मेडिकल कॉलेज आणि मुंबईचं कामा रुग्णालय इथे सरकारी पातळीवर ही सोय सुरू झाली आहे. १९८६ मध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली ती मुंबईच्या केईएम या पालिकेच्या रुग्णालयात. सुरुवात सार्वजनिक दवाखान्यात झाली आणि पुढचा सगळा विस्तार खासगीत गेला. एकेका विभागात एक तरी सरकारी केंद्र उभं राहिलं, तर एक की दोन या प्रश्नाचं उत्तर आपोआप बदलेल.

गोठवलेला म्हणजे शिळा नव्हे

"फ्रीजमधलं नको, ताजंच सोडा," असं घरची मोठी माणसं सांगतात. यात घाबरण्यासारखं काही नाही. जनावरांचा डॉक्टर गाय भरवायला येतो तेव्हा ज्या नायट्रोजनच्या डब्यातून कांडी काढतो, तेच तत्त्व इथे आहे. द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंश तापमानाला पेशींची वाढ थांबते. त्या कांडीपासून झालेली कालवड गोठ्यात धडधाकट उभी असते, हे दूध धंदा करणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

काही वेळा ताजा एम्ब्रियो सोडणं धोक्याचंही असतं. इंजेक्शनांमुळे खूप अंडी तयार झाली, पोट फुगलं, पोटात पाणी झालं, तर त्याच महिन्यात गर्भ राहिल्यावर त्रास आणखी वाढतो. पीसीओएस असलेल्या तरुण बायकांत हे जास्त दिसतं. गर्भाशयाचं अस्तर पातळ असेल तरीही थांबावं लागतं. डॉक्टर "सगळे गोठवू, दोन महिन्यांनी सोडू" म्हणाले तर तो पैसे काढण्याचा डाव आहे असं लगेच समजू नका. कारण विचारा, ते सांगता आलं पाहिजे.

दोन कधी योग्य?

एकच सगळ्यांना लागू नाही. बाईचं वय ३८-४० च्या पुढे असेल, आधी दोन-तीन वेळा चांगले एम्ब्रियो सोडूनही रुजले नसतील, किंवा एम्ब्रियोचा दर्जा कमी असेल, तर दोन सोडण्याचा सल्ला डॉक्टर देतात आणि त्याला आधार आहे. आयसीएमआरच्या २००५ च्या मार्गदर्शक सूचनांतही एका वेळी जास्तीत जास्त तीन ही मर्यादा होती आणि त्याहून जास्त अपवादानेच, कारण नोंदवून. मात्र वय तीसच्या आत, पहिलीच वेळ, पाचव्या दिवसाचे दोन-तीन चांगले एम्ब्रियो हातात, अशा वेळी एकदम दोन सोडण्याचं कारण बहुतेकदा घाई एवढंच असतं. उंची कमी, हिमोग्लोबिन कमी, रक्तदाब किंवा आधीचं सिझर असलेल्या बाईने तर जुळ्यांचा धोका ओढवूनच घेऊ नये. एक ठेवला तरी तो क्वचित दुभंगून जुळी होतात, पण ते फार थोड्यांत.

एम्ब्रियो दुसऱ्याच्या अंड्यापासून झालेला असेल तर वयाचा हिशेब अंडं देणाऱ्या तरुणीच्या वयावरून करायचा असतो. म्हणजे ४२ वर्षांच्या बाईलाही जुळं राहण्याची शक्यता तेवढीच जास्त. आणि अशा मुलाच्या हक्काबद्दल भाऊबंदकीत शंका काढली जाते, तर कायदा स्पष्ट आहे. या उपचारातून जन्मलेलं मूल हे त्या जोडप्याचंच मूल मानलं जातं, सातबाऱ्यावरच्या वारसासकट.

सही कुणाची, निर्णय कुणाचा?

सहायक जननतंत्रज्ञान कायदा २०२१ मध्ये झाला आणि जानेवारी २०२२ पासून लागू आहे. बाईचं वय २१ पेक्षा जास्त आणि ५० पेक्षा कमी, पुरुषाचं २१ पेक्षा जास्त आणि ५५ पेक्षा कमी असावं लागतं. यशाची शक्यता, खर्च, दुष्परिणाम, एकापेक्षा जास्त गर्भ राहण्याचा धोका आणि दत्तक घेण्याचा पर्याय, हे सगळं समजावून सांगणं दवाखान्यावर बंधनकारक आहे. दोघांची लेखी संमती लागते. आणि एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. एम्ब्रियो गर्भाशयात सोडण्याआधी कोणत्याही क्षणी नवरा किंवा बायको आपली संमती मागे घेऊ शकते.

प्रत्यक्षात फॉर्म इंग्रजीत असतो, पानं बरीच असतात आणि "इथे इथे सही करा" एवढंच सांगितलं जातं. पैसे सासऱ्याचे, आग्रह सासूचा, धावपळ नवऱ्याची आणि सुया मात्र तिला. ज्या बाईच्या पोटात बाळ वाढायचं आहे, तिला किती गर्भ झेपतील हे विचारणारं त्या खोलीत कुणी नसतं. फॉर्म आदल्या दिवशी घरी मागून घ्या, गावात शिकलेलं कुणी असेल तर वाचून घ्या. यात लाज कसली? सोसायटीच्या कर्जाचा कागद आपण दोघा-चौघांना दाखवतोच.

"मुलाचाच एम्ब्रियो सोडा" हा विषय तर काढूच नका. गर्भधारणेच्या आधीही लिंग निवडणं हा गुन्हा आहे. ठराविक लिंगाचं मूल देऊ करणाऱ्याला या कायद्यात पाच ते दहा वर्षांची कैद किंवा १० ते २५ लाखांचा दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. असं आमिष दाखवणारा माणूस बाकीच्या बाबतीतही खरं बोलत असेल, यावर विश्वास कसा ठेवायचा?

नाही रुजला तर दोष कुणाचा?

ट्रान्सफरनंतर साधारण दोन आठवड्यांनी रक्ताची तपासणी होते. ती निगेटिव्ह आली की घरात चौकशी सुरू होते. हंडा उचलला का, जीपमधून खड्ड्यांतून आली म्हणून का, जिना चढली का. यातलं काहीही कारण नसतं. न रुजणाऱ्या एम्ब्रियोंत बहुतेकदा गुणसूत्रांचा दोष असतो आणि वय वाढेल तसा तो वाढतो. पंधरा दिवस खाटेवर पडून राहिल्याने गर्भ रुजण्याची शक्यता वाढत नाही, हेही तपासून झालेलं आहे. डॉक्टरांनी दिलेली औषधं वेळेवर घेणं आणि जड कष्ट टाळून रोजचं वागणं, एवढं पुरतं.

कधी थांबायचं, तेही आधी ठरवा

एम्ब्रियो जास्तीत जास्त दहा वर्षं ठेवता येतात. नंतर ते नष्ट होऊ देतात किंवा जोडप्याच्या संमतीने नोंदणीकृत संशोधन संस्थेला देतात. नवरा-बायकोपैकी कुणाचं बरंवाईट झालं तर काय, हेही आधीच बोलून ठेवावं. जड विषय आहे, पण टाळून चालत नाही.

किती प्रयत्न करायचे याचा आकडा पहिल्या ट्रान्सफरच्या आधी ठरलेला बरा. जुगारासारखं "एक डाव अजून" म्हणत जमीन विकलेली घरं आपल्या आसपास शोधायला लांब जावं लागत नाही. दत्तकाची नोंदणी कारा या केंद्रीय संस्थेच्या पोर्टलवर होते आणि सप्टेंबर २०२२ पासून आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात.

दवाखान्यात जाण्याआधी हे विचारा

- नोंदणी प्रमाणपत्र भिंतीवर आहे का? लेव्हल १ दवाखान्यात फक्त आययूआय करता येतं, आयव्हीएफला लेव्हल २ लागते.
- "८० टक्के यश" म्हणजे टेस्ट पॉझिटिव्ह की बाळ हातात? आणि आमच्या वयाच्या बायकांत किती?
- आमचे एम्ब्रियो किती, कितव्या दिवसाचे, कोणत्या दर्जाचे?
- एकच सोडला तर का नको? दोन सोडायला सांगत असाल तर कारण काय?
- उरलेले गोठवायचे आणि पुढच्या ट्रान्सफरचे पैसे किती?
- जुळी राहिली तर बाळंतपण कुठे करायचं, जवळ नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग कुठे आहे?

उपचार संपल्यावर काय केलं याचा तपशील असलेलं डिस्चार्ज सर्टिफिकेट मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. दुसऱ्या दवाखान्यात जावं लागलं तर किती एम्ब्रियो सोडले होते ते त्यातूनच कळतं. तक्रार असेल तर प्रत्येक दवाखान्यात तक्रार कक्ष असणं कायद्याने बंधनकारक आहे.

ट्रान्सफरच्या आदल्या रात्री नवरा-बायकोने दोघांनीच अर्धा तास बसावं. किती ठेवायचे, नाही रुजला तर पुढे काय, आणि कुठे थांबायचं, हे तीन प्रश्न. सकाळी गाडीत बसताना उत्तर दोघांचं एक असेल, तर टेबलावर कुणी घाई केली तरी बाई शांतपणे सांगू शकेल.